काकांचा झूम आणि कानबाईची रात्र

शहादा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या काकांनी आपला निकॉन एफएम१० हा फिल्मचा कॅमेरा त्यांना दिला, सोबत त्याच्यावरचा ३५-७० एमएमचा झूम (३५वर दृश्य रुंद येतं, ७०वर आवळून जवळचं). ताईंनी आजवर दोन रोल काढले. एक श्रावणात, घरच्या कानबाईला (खानदेशातला देवीचा सण), ४००चा रंगीत (हा फिल्मचा वेग, आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो). दुसरा दत्तजयंतीला, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, २००चा. कानबाईचे बहुतेक फोटो हलले. सारंगखेड्याचे स्पष्ट आले, पण 'बघावं तिथे नुसती गर्दी' आहे. पुण्यातला मावसभाऊ म्हणतो, झूम विकून टाक आणि ५० एमएमची फिक्स, म्हणजे झूम नसलेली लेन्स घे, झूमने माणूस आळशी होतो. ओळखीचे एक दुकानदार सांगतात, ७०-२१०चा मोठा झूम घ्या, सातपुड्यातल्या काठी गावची आदिवासी होळी लांबून नकळत टिपता येईल. दोन लेन्स एकदम घेण्याएवढे पैसे नाहीत, रोल धुवायला पुण्याला पाठवावा लागतो, आणि काकांची वस्तू विकायला मन धजत नाही. ताई विचारतात, "झूमवरच राहिले तर मी कायम कच्चीच राहीन का?"

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न एक असला तरी तक्रारी दोन आहेत. कानबाईचे फोटो हलले आणि सारंगखेड्याच्या फोटोंत गर्दी झाली. या दोन्हींची कारणं वेगळी आहेत. पहिलीवर लेन्सचा इलाज आहे. दुसरीवर जगातली कुठलीही लेन्स चालणार नाही. झूम की फिक्स हा वाद थोडा वेळ बाजूला ठेवू आणि आधी तुमचे दोन रोल नीट बघू.

कानबाईची रात्र घ्या. नागपंचमीनंतरचा रविवार, गावोगावचे भाऊबंद घरी जमलेले, चौरंगावर सजवलेली कानबाई, समोर समई आणि छताला एखादा दिवा. घरातल्या अशा उजेडात ४००च्या फिल्मला एफ/४वर साधारण १/८ सेकंद लागतो (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा लहान तितकं छिद्र मोठं). तुमचा झूम ३५वर एफ/३.५ असतो आणि ७०वर नेला की एफ/४.८ होतो, म्हणजे जवळून चेहरा घ्यायला झूम फिरवलात की उजेड आणखी कमी. हातात कॅमेरा धरून फोटो न हलण्याचा जुना ठोकताळा असा की शटर निदान फोकल लेंग्थच्या, म्हणजे लेन्सच्या एमएमच्या आकड्याइतकं तरी हवं : ५०ला १/६०, ७०ला १/१२५च्या आसपास. तुम्ही १/८वर काढत होतात, आणि समोर बायका गाणी म्हणत डोलत होत्या. फोटो हलणारच होते. त्यात तुमच्या हाताचा दोष नाही आणि झूमच्या काचेचाही नाही. उजेड कमी पडला, एवढंच.

त्याच खोलीत ५० एमएमची एफ/१.८ लेन्स एफ/२वर ठेवली तर शटर १/३०पर्यंत येतं. दाराच्या चौकटीला खांदा टेकवून, श्वास सोडून, गाण्याची ओळ संपून बायका क्षणभर थांबतात तेव्हा दाबलंत तर १/३०वर फोटो मिळतो. टाळ्या वाजवणारे हात थोडे पुसट येतील. येऊ द्या, ते छानच दिसतात.

दुसरा फायदा फक्त तुमच्या-माझ्यासारख्या हाताने फोकस करणाऱ्यांना कळतो. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध जो दुभंगलेला गोल आहे, त्यातली रेघ जुळवून आपण फोकस करतो. एफ/४.८च्या लेन्सवर अंधाऱ्या खोलीत त्या गोलाचा अर्धा भाग काळा पडू लागतो. डोळा जरा सरकला की काहीच दिसत नाही. एफ/१.८ची लेन्स एफ/४.८च्या सातपट उजेड आत सोडते, त्यामुळे चित्र उजळ दिसतं आणि रेघ पटकन जुळते. ऑटोफोकसच्या कॅमेऱ्यावर हा मुद्दा एवढा महत्त्वाचा नसतो. तुमच्या कॅमेऱ्यावर मी त्याला सगळ्यात वरचं स्थान देईन, शार्पनेसच्याही वर.

पण मावसभाऊ सांगतात तसं ५० घेतलं की सगळं सुटेल असंही नाही. एफ/२वर, सहा-साडेसहा फुटांवरून, स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम वीतभर असतो. पुढे बसलेल्या आजी स्पष्ट आल्या तर त्यांच्या मागची सून पुसट येणार. आणि खोलीला भिंती असतात. आठ-दहा बायका ओळीने मांडी घालून बसल्या की बारा फूट रुंदी होते. ५० एमएमवर तेवढं सगळं घ्यायला तुम्हाला सतरा फूट मागे जावं लागेल, ३५वर बारा फुटांत भागतं. तुमची खोली किती फुटांची आहे ते तुम्हाला ठाऊक. 'पायांनी झूम करा' हा सल्ला फार ऐकायला मिळतो, पण पाठ भिंतीला टेकली की पाय तरी काय करणार? कानबाईच्या घरात काकांच्या लेन्सचं ३५चं टोक तुम्हाला लागणारच आहे.

आता आळशीपणाचं. ही समजूत कुठून आली ते सांगते. ३५ एमएम फिल्मच्या (हे फिल्मच्या रुंदीचं माप) फोटोच्या कॅमेऱ्यासाठी पहिला झूम १९५९ साली फोकलेंडर कंपनीने आणला, ३६-८२चा. १९६३मध्ये निकॉनचा ४३-८६ आला आणि खूप खपला. त्या काळचे झूम खरोखरच मऊ, म्हणजे पुरतं स्पष्ट नसलेलं चित्र द्यायचे, सरळ रेषा कडेला वाकायच्या. मुरलेल्या फोटोग्राफरांनी नाकं मुरडली ती तेव्हा, आणि त्यांचं म्हणणं पिढ्यान्‌पिढ्या पुढे आलं. लेन्स सुधारत गेल्या तरी तक्रार टिकली, फक्त तिने चित्राच्या दर्जाऐवजी माणसाच्या स्वभावाला हात घातला.

दर्जाचं म्हणाल तर आपल्या खानदेशातल्या उन्हाने तो वाद बराचसा मिटवला आहे. भर दुपारी २००च्या फिल्मला एफ/१६ आणि १/२५० लागतं, थोडं उघडायचं तर एफ/११ आणि १/५००. एफएम१०चं शटर १/२०००च्या पुढे जात नाही, म्हणून ४००चा रोल घालून उन्हात उभ्या राहिलात तर एफ/८पेक्षा जास्त उघडताच येणार नाही. ज्या एफ/१.८साठी आपण पैसे मोजतो ते दिवसा बंदच राहतं. आणि एफ/८-एफ/११वर साधा झूम आणि चांगली फिक्स लेन्स यांत हाताएवढ्या प्रिंटवर फरक ओळखणं कठीण आहे. भुसावळात मे महिन्यात फोटो काढणाऱ्याने शार्पनेसपायी लेन्स बदलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सारंगखेड्याची गर्दी मात्र वेगळी गोष्ट आहे. माझा अंदाज, तुम्ही एका जागी उभ्या राहून झूम फिरवत होतात : घोडा आवडला, ७०वर नेलं, दाबलं. झूम फिरवल्याने चौकट आवळते, पण जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं एकमेकांशी असलेलं माप तेच राहतं. घोडा जेवढा, त्यामागची माणसंही त्याच प्रमाणात. गर्दी मागे हटवायची असेल तर उभं राहायची जागा बदलावी लागते. ३५वर ठेवा, घोड्याच्या मालकाशी दोन शब्द बोला, घोड्याचं नाव विचारा आणि चार-पाच फुटांवर या. मालक मोठा दिसेल, मागचा बाजार लहान होईल. किंवा गुडघ्यावर बसा, म्हणजे मागे गर्दीच्या जागी आकाश येईल. नुसत्या घोड्याचं तोंड घ्यायचं असेल तेव्हा मात्र ३५वर जवळ जाऊ नका, नाक भलतंच मोठं आणि कान बारीक येतात. दोन पावलं मागे घेऊन ७० वापरा. आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून उलटं चालत चौकट जमवायचा मोह त्या बाजारात टाळा. मागे कोणाच्या घोड्याच्या टाचा आहेत ते दिसत नाही.

इथे तुमच्या मावसभावाचं अर्धं म्हणणं मला पटतं. फिक्स लेन्स माणसाला चालायला लावते. पण झूम लावून चालायला कोणी मनाई केलेली नाही. आधी आकडा ठरवा, ३५, ५० किंवा ७०. लेन्स तिथे फिरवा आणि मग चालत जाऊन चौकट जमवा. ही एक सवय लागली की आळशीपणाची भीती उरत नाही.

बाजारासारख्या जागी आणखी एक करून बघा. ३५ एमएम, एफ/११, फोकस बारा फुटांवर. आता सहा फुटांपासून पार क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येईल. फोकसच्या कड्याला हात लावायचाच नाही, फक्त बघायचं आणि दाबायचं. ५०वर एफ/११ला हाच हिशोब तेरा फुटांपासून पुढे जातो, म्हणजे जवळच्या माणसासाठी प्रत्येक वेळी फोकस करावा लागतो. गर्दीत ३५चा हा मोठा फायदा आहे. आणि तापीकाठच्या त्या धुळीत लेन्स बदलण्यासाठी कॅमेरा उघडावा लागत नाही हाही झूमच्या बाजूचा मुद्दा धरा. शटरच्या पलीकडे धूळ गेली की फिल्मवर अख्ख्या रोलभर ओरखडे येऊ शकतात.

मोठ्या झूमबद्दल माझं उत्तर ठाम नाही असंच आहे. तांत्रिक कारण सरळ आहे : काठीची राजवाडी होळी रात्रभर चालते आणि पहाटे पेटते. तिथला उजेड शेकोटीचा, मशालीचा, पहाटेचा. एफ/४-एफ/५.६चा २१० एमएम तिथे हातात धरून चालणारच नाही. पण कारण तेवढंच असतं तर मी तिपाई घ्या म्हटलं असतं. 'लांबून नकळत' हे मला खटकलं. मोरपिसांचे टोप घालून, अंग रंगवून नाचायला आलेली माणसं कित्येक दिवसांचं व्रत पाळून आलेली असतात. त्यांचा चेहरा त्यांना न विचारता उचलून आणायचा आणि त्यासाठी पैसे मोजून लेन्स घ्यायची, हे मी कोणालाच सुचवणार नाही. तुम्ही त्याच जिल्ह्यात शिकवता. तुमच्या वर्गात अक्कलकुवा-धडगावकडची मुलं असतील, निदान शाळेत कोणी शिक्षक तिकडचे असतील. त्यांच्यासोबत जा, आदल्या दिवशी पोहोचा, ओळख करून घ्या. मग ३५ एमएम पुरतं. पुढच्या वर्षी प्रिंट घेऊन गेलात तर आणखी पुरतं.

लेन्स कमी म्हणून फोटो कमी पडतात, या भीतीवर चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस आठवतात. १९८९ साली ते गेले. आयुष्याची कित्येक दशकं रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत, आणि घरातल्या टेबलावर छोट्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून अशी दृश्यं उभी केली की बघणाऱ्याला ती बाहेरची वाटावीत. त्या घरात आता त्यांचं कलासंग्रहालय आहे. धुळ्याहून चाळीसगाव लांब नाही. एक रविवार काढून जा, आणि तिथे उजेड कुठून येतोय एवढंच बघत फिरा. या पत्रातल्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

मग करायचं काय? झूम विकू नका. एक तर अशा झूमला फारशी किंमत येत नाही. शिवाय ३५ची तुम्हाला गरज आहे, हे वर पाहिलंच. ५० एमएम एफ/१.८ घ्या, पण आज नको. पुढच्या श्रावणाच्या आधी घ्या, आणि त्याआधी एक रोल वही घेऊन काढा. तुम्ही शिक्षिका आहात, हजेरी मांडायची सवय आहे. प्रत्येक फ्रेमपुढे अ‍ॅपर्चर (एफचा आकडा), शटर आणि झूम कितीवर होता ते लिहा. ३६ ओळी होतील. स्कॅन आले की आवडलेल्या फोटोंपुढचे आकडे बघा. बहुतेक ४५ ते ७०च्या मध्ये असतील तर ५० डोळे मिटून घ्या. बहुतेक ३५वरच असतील तर तुमची नजर रुंद आहे. मग मावसभाऊ काहीही म्हणो, ५० तुम्हाला अडचणीचं वाटेल, आणि थोडे जास्त पैसे साठवून ३५चीच फिक्स लेन्स शोधणं बरं. तिला एफ/२ मिळालं तर उत्तम, एफ/२.८ असेल तर रात्रीला थोडं कमी पडेल.

पैसे जमेपर्यंत कानबाई आलीच, तर एक स्वस्त वाट आहे. इलफर्डचा एचपी५ प्लस हा ४००चा कृष्णधवल रोल घाला, कॅमेऱ्यावर १६०० लावा आणि लॅबला 'दोन स्टॉप पुश' (म्हणजे रोल जास्त वेळ धुवा) असं लिहून द्या. अख्खा रोल त्याच आकड्यावर काढायचा, मध्ये बदलायचा नाही. मग काकांच्याच झूमवर एफ/४ला १/३० मिळतं. चित्रातला ठिपक्यांचा दाणा वाढेल, सावल्या काळ्या होतील. कानबाईच्या शालूचा रंग जाईल, हे नुकसान खरंच आहे. पण चेहरे राहतील.

ज्या वाचकांकडे पेंटॅक्स के१००० किंवा याशिका एफएक्स-३ आहे त्यांची गोष्ट बहुधा उलटी असते. त्यांच्या कॅमेऱ्यावर ५० आधीच असते आणि त्यांना झूमचा मोह होतो. त्यांना मी म्हणेन, खोली लहान पडते म्हणून त्रास होत असेल तर २८ किंवा ३५ बघा. तोरणमाळला एसटीने जाऊन दिवसभर पायी फिरायचं असेल आणि खांद्यावर एकच लेन्स हवी असेल तर झूम घ्या. घरातल्या रात्रींसाठी झूम घेऊ नका.

जुना झूम घेताना किंवा ताई, तुम्ही तुमचाच तपासताना एक चाचणी करा. ७०वर लांबच्या विजेच्या खांबावर रेघ जुळवा, मग ३५वर या आणि रेघ जुळलेलीच आहे का बघा. सरकली असेल तर ती लेन्स झूम फिरवल्यावर फोकस धरत नाही. तिच्यावर झूम आधी, फोकस नंतर, हाच क्रम ठेवा. बाजारात दिसणारे कितीतरी मऊ फोटो या एका उलट क्रमामुळे झालेले असतात.

५० घेताना निकॉनच्या बाबतीत जपायचं ते असं. लेन्सवर अ‍ॅपर्चरचं कडं असलंच पाहिजे. 'जी' प्रकारच्या नव्या लेन्सना ते नसतं, तुमच्या कॅमेऱ्यावर त्या सर्वांत लहान छिद्रावरच अडकतात. डिजिटल कॅमेऱ्यासाठी घेतलेली ५० एमएम एफ/१.८ 'डी' कोणाकडे पडून असेल तर ती चालते, फोकस हाताने करायचा, फोकसचं कडं मात्र जरा सैल लागतं. १९७७च्या आधीच्या, न बदललेल्या जुन्या लेन्स जबरदस्तीने बसवू नका, कॅमेऱ्याचं नुकसान होतं. 'एआय' किंवा 'एआय-एस' प्रकारची आणि 'सीरिज ई'मधली ५० एफ/१.८ बिनधास्त घ्या.

लेन्स हातात आली की मागून टॉर्च धरून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, परत करा. ५०मध्ये भिंगं पाच-सहा असतात, झूममध्ये सहसा त्याहून जास्त, म्हणून झूम तपासायला जास्त वेळ द्या. छिद्राच्या पात्या उघडझाप करून बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आतलं वंगण पातळ होऊन पात्यांवर उतरतं आणि त्या चिकटतात. त्याच कारणाने मे महिन्यात कॅमेरा गाडीच्या डिकीत ठेवू नका, आणि पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत कोंडू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, एवढं पुरे.

आणि दुकानात जाण्याआधी काकांना विचारा. शहादा, दोंडाईचा, धुळे इथल्या जुन्या स्टुडिओवाल्यांशी त्यांची ओळख असेल. डिजिटल आल्यावर त्यातल्या अनेकांनी फिल्मचं सामान कपाटात ठेवून दिलं. एखाद्या कपाटात ५० एमएम एफ/१.८ बहुधा सापडेल, आणि काकांच्या शब्दावर ती एका रोलपुरती उसनीही मिळेल. आधी ती वापरून बघा, मग पैसे द्या.